थंडावल्या यंत्राची आणि भिवराबाईच्या रागाची बखर

॥ श्री अन्नपूर्णा प्रसन्न असो. श्री अग्निनारायण प्रसन्न व्हावा ॥

शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, कार्तिक मासापासोन मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीपर्यंत एके राज्यी जे वर्तमान जाहले ते जैसे घडले तैसे येथे लिहिले असे. राज्याचे नाव लिहीत नाही. लिहावे तर तेथील कारभारी म्हणतील आमची बदनामी केली, आणि न लिहावे तर घरोघरचे कारभारी म्हणतील आमचीच केली. दोहोंत दुसरे बरे. संवत्सराचे नावच क्रोधी, सबब लेखणी जागोजागी तापली असेल, तरी वाचणारांनी राग मानू नये. मानला तरी लिहिणारास त्याची फिकीर नाही.

त्या राज्याच्या मुदपाकखान्यात, म्हणजे राजवाड्याच्या स्वयंपाकघरात, भिवराबाई म्हणोन एक बाई एकतीस वर्षे खाशांची भांडी घाशीत होती. पंगत चौदा पानांची, रोज दोन वेळां, आणि सणावारी त्याहून जास्ती, आणि राखेने आणि पाण्याने तिच्या बोटांच्या बेचक्या कुजल्या होत्या आणि नखे अर्धी झिजली होती आणि थंडीत हाताच्या भेगांतून रक्त येई, तरी तिने कोणापाशी गाऱ्हाणे केले नाही, कारण गाऱ्हाणे ऐकावयाचे काम मुदपाकाचे कारखानीस विसाजीपंत यांचे, आणि पंतांचे कान वरून आलेला शब्द तेवढा ऐकत, खालून आलेला ऐकत नसत. कार्तिकात महाराजांच्या मातुश्री आईसाहेब मुदपाक पाहावयास आल्या आणि त्यांनी भिवराबाईचे हात पाहिले आणि त्यांस वाईट वाटले, आणि त्यांनी तेथेच हुकूम फर्मावला की हल्ली भांडी धुण्याचे यंत्र मिळते ते आणवावे आणि या बाईचे हात यापुढे पाण्यात जाऊ नयेत. हुकूम इतकाच होता आणि पोरासही समजेल ऐसा होता. पण तो अमलात आणणे विसाजीपंतांकडे आले.

मग यंत्र आले. पांढरे, चौकोनी, कमरेइतके उंच, पोटात जाळीचे दोन खण, आणि कपाळी पाच बटणे. लोक त्यास डिशवॉशर म्हणतात. पंतांनी दरबारी नाव पात्रशुद्धियंत्र ऐसे ठेविले. आणि मुदपाकातल्या बाया नुसते 'त्यो' म्हणत. त्यासोबत माहितीची एक पोथी आली होती, आणि ती चांगल्या मराठीत होती. पंतांनी तीस हळदकुंकू वाहिले आणि तांबड्या रेशमी रुमालात बांधोन देवघरात ठेविली आणि तीवर नित्य फूल पडू लागले, पण रुमालाची गाठ म्हणोन कोणी सोडली नाही. मग यंत्रास ओवाळिले, नारळ वाढविला, आणि पंतांनी महाराजांची मर्जी संपादोन यंत्रास मानकऱ्याचा दर्जा देवविला, आणि दर्जा दिला म्हणोन दोन नियम काढिले. पहिला ऐसा की मानकऱ्यास आज्ञा करणे उचित नव्हे, त्यांनी आपले मर्जीस येईल तैसे करावे, सबब पाच बटणांपैकी 'आपोआप' हेच बटण दाबीत जावे, बाकी चारांस हात लावू नये. दुसरा ऐसा की मानकऱ्यापुढे उष्टे-खरकटे नेणे ही बेअदबी, सबब भांडी आधी राखेने घासोन, तीन पाण्यांनी धुवोन, लख्ख करोन, मगच यंत्रात ठेवावी. त्या राज्याची चालच ऐसी, की पाहुणा दारी आला तर पाणी देण्याआधी मोरी झाकायची.

भिवराबाईने हा दुसरा नियम ऐकला आणि तिला वाटले आपणच काही भलते ऐकले. तिने हात जोडोन पुसले, की भांडी म्याच धुवायची तर मग त्यो काय करनार. पंत म्हणाले ते शुद्धी करतील. धुणे निराळे आणि शुद्धी निराळी, हे तुला कळावयाचे नाही.

मग पहिले दिवशी तिने चौदा पानांची भांडी घासली आणि धुतली आणि यंत्रात लावली, आणि पंतांनी मुहूर्त पाहोन बटण दाबले, आणि यंत्राने आत थोडे खळखळ केले आणि थोडे गुरगुर केले आणि अडीच घटकांत, म्हणजे तासाभरात, ते थांबले. दार उघडले तो आत वाफ नाही, ऊब नाही, ताटे थंडगार, वाट्यांच्या बुडाशी पाणी, आणि पेल्यांवरून थेंब ओघळताहेत. पंत म्हणाले पहिलाच दिवस आहे, मानकरी नवे आहेत, लाजत असतील, पुसोन घ्या. मग भिवराबाईने फडके घेतले आणि सारी भांडी पुसली. दुसरे दिवशी तेच आणि तिसरे दिवशी तेच, आणि आठवे दिवशी पुसता पुसता उशीर जाहला आणि महाराजांचे पान ओल्याच ताटात वाढले गेले, तो मीठ विरघळले, पापड सादळला, लोणच्याचा खार पसरोन भातास मिळाला, आणि महाराजांनी हात आवरला आणि इतकेच म्हणाले की ताट ओले आहे. महाराज स्वभावे शांत. पण शांत धन्याचे एक वाक्य कारभाऱ्यास आठ दिवस अन्न गोड लागू देत नाही. आणि भिवराबाईचे पाहावे तर आधी भांडी एकदा घासावयाची असत, आता आधी घासावयाची, मग मानकऱ्यास नमस्कार करोन लावावयाची, मग काढोन पुसावयाची. जिचे हात कोरडे राहावे म्हणोन यंत्र आणिले तिचे हात दिवसभर ओले, आणि यंत्र मात्र मानकऱ्याचा मान खाऊन बसलेले. हे लिहिताना लिहिणाराचे तळपायाची आग मस्तकास जाते, मग जिने सोसले तिचे काय जाहले असेल.

मग पंतांनी मसलत बसविली, आणि मसलतीत जे जे बसले त्यांस भांडे कसे घासतात हे कोणास ठाऊक नव्हते. जोशीबोवांनी सांगितले यंत्राचे तोंड दक्षिणेस आहे, म्हणोन ते उचलोन पूर्वेस फिरविले, त्यात पाण्याची नळी पिरगळली आणि दोन दिवस यंत्रास पाणीच मिळेना, मग ती सरळ केली. मग कोणी म्हणाला भांड्यांवरून पाणी निथळोन जावे म्हणोन एक चमकीचे पाणी यंत्रात घालावे लागते, ते आणोन घातले, आणि खरेच होते, थेंब मोठाले होते ते बारीक जाहले, पण थंड ते थंडच. मग विहिरीचे पाणी जड आहे म्हणोन यंत्राचे मीठ आणोन घातले. मग विजेची जाड तार ओढली. मग बुडाची गाळणी काढोन पाहावी ऐसे ठरले, आणि ते ओले काम म्हणोन भिवराबाईस सांगितले, आणि तिने गाळणी काढली तो तीत एक शीत नाही, एक कोथिंबिरीचे पान नाही, बाजारातून आणिली तैसी. तिला मनात चमत्कारिक वाटले, की महिनाभर भांडी धुणारा हा, आणि याच्या गळ्यात एक शीत नाही, मग हा जेवतो तरी काय. पण मसलतीस तिचा विचार पुसावयाचा नव्हता, गाळणी पुसावयाची होती, ती तिने पुसोन परत बसविली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला ऐसे म्हणतात ते या मसलतीस पाहोनच कोणी म्हटले असावे.

शेवटी यंत्र करणारांकडील कारागीर बोलाविला. तो घाईचा माणूस होता, त्यास आणखी चार ठिकाणी जावयाचे होते. त्याने यंत्र रिकामेच लाविले आणि पंतांचा नियम त्यास कोणी सांगितला नाही म्हणोन त्याने कढयांसाठी म्हणोन जे सदा ऊन पाण्याचे बटण असते ते दाबिले, आणि यंत्र तापले, आणि दाराच्या फटीतून वाफ आली, आणि त्याने दारास हात लावोन दाखविला आणि म्हणाला यंत्र ठणठणीत आहे, कागदावर सही करा. पंतांनी सही केली आणि तो गेला. त्याच सांजेस भिवराबाईने घासोन लावलेली भांडी पुन्हा थंड आणि ओली निघाली. आता शहाण्याने काय विचारावे, की कारागिराने निराळे काय केले. पंतांनी तसे विचारले नाही. पंतांनी ऐसे विचारले, की कारागिरापुढे तापते आणि बाईपुढे थंड होते, तर बाईतच काही आहे. आणि मग त्यांस सारेच सुचत गेले, की यंत्र नीट चालले तर हिची भाकरी जाते, सबब हिला ते नकोच आहे, सबब ही रोज भांडी लावताना त्याकडे पाहते ते नुसते पाहणे नव्हे, हिची नजर लागते. उचलली जीभ लावली टाळ्याला. मसलतीतल्या सर्वांस ही गोष्ट तत्काळ पटली, कारण ती पटली म्हणजे मसलत संपत होती.

मार्गशीर्ष शुद्ध चतुर्थीस पंतांनी भिवराबाईस मुदपाकाच्या उंबऱ्याबाहेर उभे करोन हुकूम ऐकविला, की षष्ठीस खंडोबाचा मोठा उत्सव आहे, बाहेरचे सरदार पंगतीस येणार, त्या दिवशी भांडी ओली निघाली तर तुझी नजर साबीत, मग तुला मुदपाकातून काढोन वेशीबाहेर घालण्यात येईल आणि अमुक बाई नजरेची, हिला कोणी दारात घेऊ नये, म्हणोन दवंडी पिटविली जाईल. भिवराबाईस नवरा नव्हता आणि लेक परमुलखी दिलेली होती. वेशीबाहेर गेली असती तरी चार घरची भांडी घासोन पोट भरले असते, ते तिला येत होते. पण दवंडी पिटलेल्या बाईस भांडी देतो कोण, लेकीच्या सासरी तरी उंबरा कोण ओलांडू देतो. तिने एकतीस वर्षांत एक वाटी फोडली नव्हती. ती त्या वेळी काही बोलली नाही, आणि पंतांस वाटले भ्याली. ती भ्याली नव्हती. तिला इतका राग आला होता की तोंड उघडले तर काय बाहेर येईल याचा तिचा तिलाच भरवसा नव्हता.

मग पंचमीस सकाळची पंगत उठली आणि उष्ट्या भांड्यांचा ढीग मोरीवर आला, आणि मुदपाकातले लोक खंडोबाच्या तयारीस पांगले, आणि भिवराबाई पाटावर बसली आणि तिने राखेत हात घातला आणि हात तेथेच राहिला. ती यंत्राकडे पाहोन मोठ्याने म्हणाली, "म्या धुवायची, मग त्यानं धुवायची, मग पुन्ना म्याच पुसायची. आन् नजर बी माझीच. मग ह्यो हाय कशापायी?" आणि ती उठली आणि तिने ताटे उचलली, आमटी लागलेली, भाताची शिते चिकटलेली, लोणच्याच्या फोडी पडलेली, आणि जशी होती तशी त्या मानकऱ्याच्या पोटात कोंबली, आणि वाट्या कोंबल्या, आणि पेले कोंबले, आणि दार पायाने लोटले, आणि बटण असे दाबले की जणू कोणाच्या डोळ्यात बोट घालावे. मनात तिच्या काही शोध लावावयाचा नव्हता. मोडत असेल तर मोडो, बेअदबी तर बेअदबी, दवंडी पिटणारच आहेत तर खऱ्या गुन्ह्याची पिटू देत, इतकेच होते. मग ती दाराशी पाठ टेकून भुईवर बसली आणि पहिल्यांदा थोडी रडली, तेही रागानेच.

काही वेळाने तिची पाठ भाजू लागली. तिने मागे वळोन दारास हात लाविला तो हात ठरेना, आणि आत असे रगडणे चालले होते की महिनाभरात तैसे ऐकले नव्हते, आणि अडीच घटका गेल्या तरी ते थांबेना, चार गेल्या तरी थांबेना, पाचव्या घटकेस थांबले. तिने थोडा दम धरला, दार बोटभर उघडोन वाफ जाऊ दिली, आणि मग उघडले. ताटे कोरडी. ताटे इतकी ऊन की तिने पदराने धरली. कोठे शीत नाही, कोठे डाग नाही. भिवराबाई ती बाई होती की एकदा पाहोन विश्वास ठेवीत नसे. तिने तीच स्वच्छ भांडी पुन्हा यंत्रात लावोन तेच बटण दाबिले, तो अडीच घटकांत ते थांबले आणि भांडी गार आणि ओली. मग तिने गाळणी काढोन पाहिली, तीत या वेळी शिते होती आणि कढीलिंबाचे एक पान होते. तेव्हां तिच्या सारे ध्यानात आले, की हा पाणी चाखोन पाहतो. पाणी गढूळ लागले तर म्हणतो काम आहे, चूल पेटवा. आणि पाणी निवळ लागले तर म्हणतो येथे धुवावयास काही नाही, उगाच जळण कशास, आणि हात झटकोन मोकळा होतो. यंत्राचे यात काही चुकले नव्हते. महिनाभर त्यास धुतलेले दाखवीत होते आणि वर विचारीत होते की तापत का नाहीस.

ती तशीच पंतांकडे गेली आणि तिने झाले ते सर्व सांगितले, काही लपविले नाही. आता पंतांनी एक वेळ येऊन पाहिले असते तर ही बखर येथेच संपती. पण पंत 'उष्टे' या शब्दाच्या पुढे काही ऐकतच नाहीत ऐसे जाहले. ते पाटावरून उठले आणि म्हणाले तू मानकऱ्याच्या तोंडी उष्टे घातलेस, मी नियम केला आणि तू मोडलास, आणि भांडी घासणारीने आता मला यंत्र शिकवावे काय. आणि त्यांनी तिला तत्काळ वेशीजवळच्या चौकीवर नेऊन बसविले, की षष्ठीच्या पंगतीपर्यंत हिची सावली मुदपाकावर पडू नये. मग नजर दूर गेली म्हणोन त्यांस धीर आला, आणि त्यांनी षष्ठीची भांडी आपले देखरेखीखाली सात वेळां धुवविली, गंगाजल शिंपडविले, आणि आपले हाते लाविली, आणि आपले हाते बटण दाबिले. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पोथी तेथेच देवघरात फुलाखाली होती.

षष्ठीस खंडोबाची तळी भरली, भंडारा उधळला, येळकोट जाहला, आणि पंगत बसली. वांग्याचे भरीत, बाजरीचे रोडगे, कांद्याची पात, ताजे लोणी. आणि ताटे गार, आणि ताटांत पाणी. पुसावयास कोणी नव्हते, जी पुशी ती चौकीवर. रोडगे खालून भिजले, भरिताचे पाणी पानभर पळाले, आणि एका वृद्ध सरदाराने पेला उपडा करोन सर्वांदेखत झटकला. महाराजांनी मान खाली घातली. पंतांचा चेहरा उतरला, पण जीभ उतरली नाही. ते पुढे होऊन म्हणाले ही नजर, आणि हिचा बंदोबस्त आजच करितो, दवंडीवाल्यास सांगून ठेविले आहे. आईसाहेब म्हणाल्या आधी त्या बाईस आणा. मग भिवराबाईस चौकीवरून आणिले आणि ती सर्व पंगतीसमोर उभी राहिली.

"आईसाहेब," ती म्हणाली, "काल दुपारधरनं मी वेशीवर हाय. भांडी पंतांनी धुवून घेतली, पंतांनी लावली, बटण पंतांनीच दाबलं. मग आज नजर कुनाची लागली?"

पंत म्हणाले नजरेस भिंत आडवी येत नाही. आईसाहेबांनी त्यांकडे पाहिले आणि भिवराबाईस म्हणाल्या, "तुझे काय म्हणणे आहे ते सांग. भिऊ नको."

"भ्यायची येळ गेली, आईसाहेब. त्याला धुतलेलं देऊ नका. ही ताटं उठतील तशीच त्याच्या पोटात घाला, मोठं खरकटं तेवढं झटका. पर माझा हात लागायचा न्हाई. माझ्या हातानं सुकली, तर म्हंतील बाईनं उतारा केला. पंतांच्या हातानं होऊ द्या."

मग आईसाहेबांनी दोन गोष्टी केल्या, आणि त्या राज्यात महिनाभरात शहाणपणाच्या तेवढ्या दोनच जाहल्या. एक, देवघरातून पोथी आणविली आणि रुमालाची गाठ आपले हाते सोडली आणि आपणच वाचली, आणि नवव्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते, की भांडी आधी धुवू नयेत, खरकटे झटकावे आणि लावावी. 'आपोआप' बटणावर यंत्र पाण्याचा गढूळपणा पाहते आणि त्या मानाने पाणी तापविते. आणि भांडी चांगली तापली तरच वाळतात, कारण ती आपल्याच उबेने वाळतात. हे त्यांनी सर्वांस ऐकू जाईल ऐसे दोन वेळां वाचले. दुसरी गोष्ट, त्यांनी विसाजीपंतांस म्हटले की ताटे उचला.

पंतांनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले, आणि मग उपरणे नाकास बांधिले. त्यांनी जन्मात दुसऱ्याचे उष्टे ताट उचलले नव्हते, आपलेही नव्हते. त्यांनी भरीत माखलेली ताटे दोन बोटांनी धरोन नेली, आणि वाट्या नेल्या, आणि पेले नेले, आणि त्यांस लावता येईनात; वाट्या उताण्या ठेवीत, मग भिवराबाई दारातून म्हणे उपड्या ठिवा पंत, उताण्यात पानी ऱ्हातं, आणि ते उपड्या ठेवीत. त्यांच्या अंगरख्यास लोणी लागले. मग बटण दाबिले आणि सरदार, महाराज, आईसाहेब, सर्व पाच घटका मुदपाकात बसोन राहिले, जेथे खासे कधी बसले नव्हते. दार तापले, वाफ आली, यंत्र थांबले. आईसाहेबांनी दार उघडवोन एक ताट मागितले आणि तळहातावर घेतले आणि ते कोरडे होते आणि उन्हात ठेविल्यासारखे ऊन होते. त्या वृद्ध सरदाराने पेला उपडा करोन झटकला आणि त्यातून काही पडले नाही.

आता पंतांनी काय केले ते लिहावयास लाज वाटते, पण लिहिले पाहिजे. ते पुढे होऊन महाराजांस म्हणाले की सरकारच्या पुण्याईने मसलत फळास आली, मुदपाकाने दोष शोधिला. भिवराबाई हे ऐकत उभी होती. वेशीवरच्या रात्रीत तिला जो राग होता तो उष्ण होता, आता जो आला तो थंड होता, आणि तो जास्ती वाईट. आईसाहेबांस सर्व कळत होते. त्यांनी दवंडी रद्द केली, दोन्ही नियम मोडिले, आणि भिवराबाईस लुगडे-चोळी आणवोन म्हणाल्या, "आणखी काय पाहिजे ते माग."

भिवराबाई म्हणाली, "कालधरनं जेवले न्हाई."

मग आईसाहेबांनी खाशांच्या पंगतीच्या जागी एक पाट मांडविला आणि यंत्रातून निघालेले एक ऊन ताट घेऊन आपले हाते भरीत वाढले, रोडगा वाढला, लोणी वाढले. भिवराबाई बसली आणि सर्वांदेखत सावकाश जेवली. कोणाची घाई नव्हती आणि असती तरी तिने केली नसती. रोडग्याचा शेवटचा तुकडा भरितास लावोन खाल्ला. मग ती उठली, हात धुतला, तोंड पुसले, आणि ताट तेथेच ठेविले. ती दाराकडे चालली तो मुदपाकातल्या बाया एकमेकींकडे पाहू लागल्या, आणि एक जण सवयीने पुढे झाली, तिला भिवराबाईने हाताने थांबविले. मग ती विसाजीपंतांसमोर येऊन उभी राहिली. आवाज तिने चढविला नाही.

"पंत, तुमचं हात एकदा खरकटं झालंच हायती. ह्ये बी उचला."

पंतांनी महाराजांकडे पाहिले. महाराज भिंतीकडे पाहत होते. पंतांनी आईसाहेबांकडे पाहिले. आईसाहेब पंतांकडेच पाहत होत्या. मग विसाजीपंत वाकले आणि भिवराबाईचे उष्टे ताट दोन्ही हातांनी उचलोन, न धुता, यंत्रापर्यंत नेले.

येणेप्रमाणे क्रोधी संवत्सरी एके राज्यी यंत्र तापले आणि भांडी वाळली. दोष यंत्रात नव्हता, बाईत नव्हता. ज्यांस खरकट्याची लाज वाटली आणि पोथी न उघडण्याची वाटली नाही त्यांच्यात होता. साक्षीस जे हजर होते त्यांनी सांगितले तितके लिहिले. पंतांचे म्हणणे विचारले नाही, कारण ते महिनाभर ऐकले होते.